आजोळ नसलेला कायदा

कायद्याचे पुस्तक परीक्षणासाठी हाती घेणे ही वाङ्मयीन मासिकाची रीत नव्हे, हे आम्ही जाणतो. काव्य, कादंबरी, नाटक, फार तर चरित्र आणि इतिहास, एवढ्यांवर टीकाकाराने आपली लेखणी चालवावी. कलमे, पोटकलमे आणि परंतुके वकिलांवर सोपवावीत, असा संकेत आहे. तथापि या संकेताला एक अपवाद असावा असे आम्हांस वाटते. जो लेख माणसाला त्याचे घर कोणते हे सांगू पाहतो, तो कोणत्याही कचेरीत लिहिला गेला असला तरी वाङ्मयाच्या प्रांतात पाऊल टाकतोच. आई, बाप, मूल, जन्म, घर, परत येणे हे शब्द मूळचे ओवीचे आणि कथेचे आहेत. कायदा ते उसने घेतो. उसने घेताना त्याने कोणते घेतले, कोणते विसरला आणि घेतलेल्यांचे काय केले, हे पाहण्याचा अधिकार टीकाकाराला असला पाहिजे.

प्रस्तुत लेखात आम्ही तीन लेख एकापुढे एक ठेवून वाचणार आहोत. पहिला, हैदराबाद संस्थानचे १९१९ चे मुलकी नियम. दुसरा, १९४९ साली स्वीकारलेल्या भारतीय संविधानातील नागरिकत्वाचा भाग. आणि तिसरा, १९५५ चा नागरिकत्व कायदा, त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांसह. प्रश्न एकच आहे. परमुलखात जन्मलेल्या मुलाला हे लेख आपले म्हणतात काय, आणि म्हणतात तर कोणाच्या नात्याने? हे वाचन आम्ही जिंतुरात बसून करीत आहोत. स्थळाचा उल्लेख निष्कारण केलेला नाही. हा प्रश्न विमाने आणि व्हिसे यांच्याबरोबर जन्मास आला अशी जी समजूत आहे, ती या गावापुरती तरी खरी नाही.

जिंतूर हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नेमगिरीची जैन लेणी आणि तालुक्यातील चारठाण्याची जुनी देवळे यांमुळे ते इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक असते. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते. उत्तरेकडे लोणार-मेहकरचा मुलूख लागे, तो वऱ्हाडचा. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १९०२ साली कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडेच राहिले. अशा रीतीने एकच भाषा बोलणाऱ्या आणि एकाच पद्धतीची ज्वारीची भाकरी थापणाऱ्या दोन मुलखांमध्ये राज्याची सीमा पडली. इकडे हाली सिक्का चाले, तिकडे कलदार रुपया. इकडे सरकारी कागदावर फसली साल, तिकडे इसवी. आणि मध्ये करोडगिरीचा नाका. सोयरीक मात्र नाका पाहून होत नसे. जिंतूरची लेक वऱ्हाडात जाई आणि वऱ्हाडची लेक जिंतुरात येई.

आता आमच्यातील एक चाल लक्षात घ्यावी. लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी व्हावयाचे, असा आमच्याकडील घरोघरचा परिपाठ. त्यामुळे सीमेपलीकडून आलेल्या सुनेचे पहिले मूल बहुधा सीमेपलीकडेच जन्मास येई. आमच्याच घरची गोष्ट सांगावयाची तर आमची आजी लोणारकडची, आणि आमचे थोरले काका त्यामुळे वऱ्हाडात जन्मले. सव्वा महिना झाल्यावर आजी मुलाला घेऊन सासरी निघाली, तेव्हा करोडगिरीच्या शिपायाने तिच्याबरोबरचे गाठोडे सोडून बाळंतविड्याची वस्त्रे एकेक करून पाहिली. मूल कोणी तपासले नाही. हा प्रसंग आजी अखेरपर्यंत हसून सांगत असे. परमुलखात जन्मलेले अपत्य म्हणजे काय, हे आमच्या भागाला अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्याला कायद्याचे नाव मात्र नव्हते.

ते नाव देण्याचे काम मुलकी नियमांनी केले. हे नियम मुळात सरकारी नोकरीपुरते होते. बाहेरून आलेल्या उमेदवारांनी संस्थानातील जागा व्यापल्याची तक्रार जुनी होती, आणि नोकरीत मुलकी माणसास प्राधान्य मिळावे हा त्यांचा हेतू होता. पण नोकरीसाठी केलेली ही व्याख्या लोकांच्या मनात आपलेपणाचीच व्याख्या होऊन बसली. नियमांची भाषा आटोपशीर आहे. ज्याच्या जन्मसमयी त्याचा बाप मुलकी होता, तो मुलकी. ज्याचा बाप त्याच्या जन्मसमयी पंधरा वर्षे सरकारी चाकरी केलेला होता, तो मुलकी. मुलकी पुरुषाची जी पत्नी, ती मुलकी. आणि जो पंधरा वर्षे कायम वास्तव्य करून, आपल्या पूर्वीच्या ठिकाणी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र न्यायाधिकाऱ्यापुढे करील, तोही मुलकी.

टीकाकाराच्या दृष्टीने यांतील शेवटचा नियम सर्वांत वाचनीय आहे. मनुष्य कोठे राहतो हे तलाठीसुद्धा सांगेल. परतण्याचा विचार त्याने सोडला की नाही, हे सांगणे कवीचे काम. सरकारने ते प्रतिज्ञापत्राच्या कागदाकडून करवून घेतले. परतण्याचा विचार सोडणे ही क्रिया कोणत्या दिवशी घडते? पंधरा वर्षे परगावी काढलेला मनुष्यही दिवाळीच्या सुमारास मनाने आपल्या गावच्या वाटेला लागतोच. तरी या नियमाचे श्रेय नाकारता येत नाही. घर ही केवळ जागा नसून तो मनाचा निश्चय आहे, एवढे त्याला समजले होते. संविधानात आलेल्या ‘अधिवास’ या शब्दाच्या पोटीही हाच मनोनिश्चय आहे.

आता पहिला नियम पाहू. बापाचे नाव एकदा धरले की जन्म कोठे झाला हे विचारण्याचे कारण उरत नाही. वऱ्हाडात जन्मलेले आमचे काका म्हणूनच बिनतक्रार जिंतूरचे राहिले, आणि येथवर नियम आमच्या चालीरीतीशी जुळता आहे. पण हेच चित्र उलट बाजूने पाहावे. जिंतूरची लेक सोलापुरास दिली. सोलापूर मुंबई इलाख्यात. पहिल्या बाळंतपणास ती जिंतुरास आली, मूल जिंतुरात जन्मले, तेथेच त्याचे बारसे झाले, मामाने त्याला अंगाखांद्यावर खेळविले. तरी बाप मुलकी नसेल तर ते मूलही मुलकी नाही. ज्या घराला मराठीत आजोळ म्हणतात, त्या घराला या नियमांत खोलीच नव्हती. एका सरंजामी संस्थानाने १९१९ साली असा नियम करावा यात आश्चर्य नाही. आश्चर्याचा भाग पुढे आहे.

१५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ हे तेरा महिने आमच्या भागाने कसे काढले, हे येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. निजामाने भारतात विलीन होण्याचे नाकारले होते, आणि रझाकारांच्या भयाने मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे सीमा ओलांडून वऱ्हाडात, खानदेशात, नगर-सोलापुराकडे गेली. या वेळी माहेरपणाला गेलेली सून नव्हती. म्हातारेकोतारे, गुरेढोरे आणि धान्याची पोती यांसह अख्खे घरच गेले होते. त्या काळात तिकडे जन्मलेल्या मुलांचा देश कोणता, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नसेल. पोलीस कारवाई झाली, कुटुंबे परतली, आणि प्रश्न न विचारताच मिटला.

तो कायद्याने मिटविला संविधानाने. नागरिकत्वाची मुख्य कलमे २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच अमलात आली, बाकीच्या संविधानाची वाट न पाहता. पाचवे कलम म्हणते की, ज्याचा अधिवास भारतात आहे आणि ज्याचा जन्म भारतात झाला, किंवा ज्याच्या मातापित्यांपैकी कोणाही एकाचा जन्म भारतात झाला, किंवा जो निदान पाच वर्षे येथे सामान्यतः राहत आला आहे, तो नागरिक. आठवे कलम याहून पुढे जाते. परदेशी राहणारा, पण ज्याच्या मातापित्यांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणीही १९३५ च्या कायद्यात व्याख्या केलेल्या हिंदुस्थानात जन्मले असेल, असा मनुष्य भारतीय वकिलातीत नाव नोंदवून नागरिक होऊ शके. त्या व्याख्येत संस्थानेही येत असल्याने जिंतुरात जन्मलेली आजीही या हिशेबात धरली गेली. ‘कोणीही’ या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. बापाची आई चालेल, आईची आईही चालेल. फाळणीच्या धामधुमीत, लाखो निर्वासित रस्त्यावर असताना लिहिलेल्या या भागाने आजोळाला दार उघडून दिले. त्याचे औदार्य सर्वांस सारखे लाभले असे मात्र म्हणवत नाही. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात गेलेल्यांस सातव्या कलमाने नागरिक मानले नाही, परतीचा परवाना घेऊन आलेल्यांपुरतीच वाट ठेवली. आणि ज्यांचा एक भाऊ येथे राहिला व एक कराचीस गेला, अशी मुसलमान कुटुंबे हैदराबाद संस्थानातही होती. तरी वंशाच्या प्रश्नापुरते पाहिले तर या भागाची दृष्टी विशाल आहे, आणि त्याची वाक्ये क्लिष्ट असली तरी त्यांत माणसाच्या दोन्ही बाजू दिसतात.

यानंतर १९५५ चा कायदा वाचावयास घेतला की वाचक थबकतो. ३० डिसेंबर १९५५ चा हा कायदा. त्याचे चौथे कलम वंशक्रमाने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे. परदेशी जन्मलेल्या मुलाच्या जन्मसमयी त्याचा बाप भारताचा नागरिक असेल तर ते मूल नागरिक, असे ते कलम सांगत होते. आईचा उल्लेख नाही. जिंतूरच्या वाचकाला हा बाप ओळखीचा आहे. तो मुलकी नियमांतून उठून थेट नव्या प्रजासत्ताकाच्या कायद्यात येऊन बसला आहे. साम्य येथेच संपत नाही. बाप स्वतः वंशक्रमाने नागरिक झालेला असेल तर मुलाचा जन्म एका वर्षात वकिलातीत नोंदविला पाहिजे, अशी अट या कलमात होती. पण बाप भारत सरकारच्या नोकरीत असेल तर नोंदणीची गरज नाही. मुलकी नियमांतील पंधरा वर्षे चाकरी केलेला बाप आणि हा सरकारी नोकर बाप यांना शेजारी उभे करून पाहावे. संस्थान गेले, फर्मान गेले, फसली सालही गेले. सरकारी नोकर बापाचा मान तेवढा राहिला.

या कलमाच्या समर्थनार्थ असे म्हटले जाईल की, काळच तसा होता. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यातही वंश बापाकडूनच मोजला होता, आणि आमच्या मसुदाकारांपुढे तो नमुना होता. हे खरे. परंतु अमेरिकेने १९३४ सालीच परदेशी जन्मलेल्या अपत्याला आईकडूनही नागरिकत्व देऊ केले होते, म्हणजे दुसरा नमुनाही जगात उपलब्ध होता. त्याहून महत्त्वाचे हे की, नमुन्यासाठी लंडनकडे पाहण्याचे कारणच नव्हते. सहा वर्षांपूर्वीचे आपलेच संविधान समोर होते, आणि आपलेच धर्मशास्त्रही. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीस, म्हणजे पुढे निजामाच्याच राज्यात मोडलेल्या गावी. त्या परंपरेत सापिंड्य मोजताना बापाकडून सात पिढ्या व आईकडून पाच पिढ्या मोजतात. ज्या वर्षी नागरिकत्वाचा कायदा झाला त्याच १९५५ सालच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला, आणि त्याने हे माप बापाकडून पाच व आईकडून तीन असे केले. म्हणजे लग्नास मनाई करावयाची असेल तेव्हा त्याच संसदेला आईकडच्या तीन पिढ्या आठवल्या, आणि मुलाला देश द्यावयाचा असेल तेव्हा आईची एक पिढीसुद्धा आठवली नाही. एकाच वर्षातल्या दोन कायद्यांतील हा विरोध कोणाही वाचकाच्या डोळ्यांत भरावा असा आहे.

या विसराची किंमत कोणी दिली, हे समजण्यासाठी एक उदाहरण कल्पून पाहू. जिंतूरच्या एका घरचे भाऊ-बहीण शिक्षणासाठी विलायतेस गेले. दोघांनीही तेथील नागरिकांशी विवाह केला, दोघांनीही आपले भारतीय नागरिकत्व सोडले नाही, आणि १९९२ च्या नोव्हेंबरात दोघांस तेथेच अपत्य झाले. भावाचे मूल जन्मतः भारतीय. बहिणीचे मूल परदेशी. आजी एकच, गाव एकच, ज्या पाळण्यात घालण्यासाठी आजी दोन झबली शिवणार तो पाळणाही एकच. फरक इतकाच की, एका मुलाला हे घर आजोबांचे होते आणि दुसऱ्याला आजोळ.

१० डिसेंबर १९९२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ही चूक सुधारली, आणि बापाच्या जागी मातापित्यांपैकी कोणीही एक असे शब्द घातले. या दुरुस्तीचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. दोनच वर्षांनी, १९९४ साली, महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात बदल करून लेकीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला. अशा रीतीने एका दशकाच्या आत लेकीला आपल्या मुलासाठी देशही मिळाला आणि स्वतःसाठी जमीनही. पण दुरुस्तीत एक उणीव राहिली. ती मागे पाहत नाही. १० डिसेंबरला जन्मलेल्या मुलाला आई आहे, ९ डिसेंबरला जन्मलेल्याला नाही. आज चौथे कलम वाचताना उत्खननातील थर पाहिल्यासारखे वाटते: १९५० ते १९९२ चा बापाचा थर, १९९२ ते २००४ चा दोघांचा थर, आणि ३ डिसेंबर २००४ नंतरचा कागदांचा थर. एकाच घरातील तीन भावंडे तीन थरांत सापडू शकतात. ज्या लेखाची रचना अशी झाली आहे, तो पुन्हा एकवार नव्याने लिहून काढला पाहिजे, असे आम्ही कोणत्याही ग्रंथकारास सांगितले असते.

कागदांच्या थराविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण आज ज्यांच्या घरी पाळणा हलतो त्यांचा संबंध याच थराशी आहे. २००४ पासूनचा नियम असा की, परदेशी जन्मलेल्या मुलाचा जन्म एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदविला पाहिजे, आणि मुलापाशी अन्य देशाचा पासपोर्ट नाही असे आईबापांनी लिहून दिले पाहिजे. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. दुहेरी नागरिकत्व टाळण्याचा राज्याचा हेतू आम्हांस समजतो, आणि तो अयोग्य आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु हा एक नियम दोन अगदी भिन्न प्रकारच्या घरांना लावला गेला आहे.

पहिले घर कॅनडासारख्या देशातील. तेथे जन्मलेल्या मुलाला जन्मभूमीच्या नियमाने तेथले नागरिकत्व आपोआप मिळते. आता लेक बाळंतपणाला माहेरी येत नाही. माहेरच तिच्याकडे जाते. जिंतूरची आजी डिंकाचे लाडू आणि आळीव बांधून, सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन विमानात बसते, आणि आजोळ टोरांटोच्या एका सदनिकेत मांडले जाते. करोडगिरीच्या शिपायाची जागा विमानतळावरील अधिकाऱ्याने घेतली आहे, आणि तोही गाठोडे सोडून पाहतो. फरक एवढाच की, परतीच्या वाटेवर आता मूलही तपासले जाते. आजी परतल्यावर नातवाला गाव दाखवावे असे लेकीला वाटते, प्रवासासाठी त्याला हाताशी असलेला तेथला पासपोर्ट काढते, आणि तेवढ्याने त्याच्या भारतीय नोंदणीची वाट बंद होते. आईबाप भारतीय, मूल परदेशी, असे हे कुटुंब एकाच रिक्षातून जिंतूरच्या बसस्थानकावरून घरी येते. आईबापांनी कोणताही देश सोडण्याचा निर्णय घेतलेला नसतो. त्यांनी फक्त तिकीट काढलेले असते.

दुसरे घर आखातातील. तेथे जन्मल्याने कोणताही हक्क मिळत नाही. मजुरीस गेलेल्या माणसाला तेथे मूल झाले, वकिलातीचे शहर दूर, रजा मिळेना, कागद मालकाकडे अडकलेले, आणि वर्ष निघून गेले, तर ते मूल परवानगी येईपर्यंत कोणत्याच देशाचे राहत नाही. कॅनडातील मुलाच्या बाबतीत वर्षाची मुदत ही गैरसोय आहे. आखातातील मुलाच्या बाबतीत ते संकट आहे. ज्या अटीने दोन पासपोर्टांचा धोका टाळावयाचा, तीच अट एकही पासपोर्ट नसलेल्या मुलाच्या मार्गात आडवी येते.

कायद्यातील मुदतींचा परस्परांशी मेळही नाही. जन्मतः दोन देश लाभलेल्या मुलाने सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत दुसरे नागरिकत्व सोडले नाही तर त्याचे भारतीय नागरिकत्व जाते. उलट, बापाने किंवा आईने नागरिकत्वाचा त्याग केल्यामुळे ज्या अज्ञान मुलाचे नागरिकत्व गेले, त्याला सज्ञान झाल्यापासून एक वर्षाच्या आत ते परत मागता येते. जाण्यासाठी सहा महिने आणि येण्यासाठी एक वर्ष, हे माप कोणत्या विचाराने ठरले, ते कायद्याच्या शब्दांवरून उमगत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला देश निवडावयास सांगणे हे काही लहान काम नव्हे. ज्या वयात त्याला महाविद्यालयाची शाखा निवडता येत नाही, त्या वयाचे ते आहे.

न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की, या कायद्यात परतीची काही दारे उघडी आहेत. भारतीय नागरिकांच्या अज्ञान मुलांची नोंदणी करून त्यांस नागरिक करून घेता येते. कुटुंब परत येऊन येथे स्थिरावले तर ही वाट उपयोगी आहे. जे परतत नाहीत त्यांच्यासाठी परदेशस्थ भारतीय नागरिकाची योजना आहे. तिचे पहिले दाखले २००६ च्या जानेवारीत हैदराबाद येथेच दिले गेले, हा योग आमच्या भागातील वाचकांस गमतीचा वाटेल. मुलकीच्या राजधानीत नव्या प्रकारच्या अर्धमुलकीचा जन्म झाला. या योजनेने प्रवासाची आणि वास्तव्याची मोठी सोय केली, यात शंका नाही. मत देता येत नाही, अधिकारपदे घेता येत नाहीत, आणि शेतजमीन वारशाने मिळाली तर ठेवता येते पण शेजारचे वावर विकत घेता येत नाही. टीकाकाराचे लक्ष मात्र नावाकडे जाते. आरंभी कायद्यात ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ असे शब्द होते. २०१५ च्या दुरुस्तीने त्यांपुढे ‘कार्डधारक’ हा शब्द जोडला. या एका शब्दाने नागरिक हे नाम कार्डाचे विशेषण झाले. ही दुरुस्ती अधिक प्रामाणिक आहे हे आम्ही मान्य करतो. नसलेले नागरिकत्व आहे असे भासविण्यापेक्षा कार्डाला कार्ड म्हणणे बरे.

आता शेवटचा आक्षेप. वंश किती पिढ्या चालावयाचा? पणतू-खापरपणतूंना जन्मभर देशाचा हक्क देत राहिले तर देश म्हणजे वंशावळ होऊन बसेल, असे कोणी म्हणेल, आणि ते विचार करण्याजोगे आहे. येथे आम्हांस गोदावरीकाठच्या पैठणचे भट्ट घराणे आठवते. रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकाच्या आरंभी पैठणहून काशीस गेले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट, आणि त्यांच्याच पुढील पिढ्यांत व्यवहारमयूखाचे कर्ते नीलकंठभट्ट व गागाभट्ट. रामेश्वरभट्टांपासून पाचव्या पिढीतील गागाभट्ट १६७४ साली रायगडावर आले आणि शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य त्यांनी केले. पाच पिढ्या काशीत काढलेल्या या घराण्याचे दक्षिणीपण टिकले ते नोंदणीने नव्हे, विद्येने आणि येण्याजाण्याने टिकले. यावरून आम्ही असे अनुमान काढतो की, वंशाला पिढ्यांची मर्यादा घालावयाची तर घालावी, पण संबंध राखणाऱ्याला वाट ठेवावी. आमच्या सरकारलाही हे मान्य असावे, कारण २०२४ च्या मार्चमध्ये मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या लोकांस सातव्या पिढीपर्यंत हे कार्ड देण्याचे जाहीर झाले. मॉरिशसमध्ये गेलेल्या गिरमिट्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांना याचा लाभ व्हावा याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु सातव्या पिढीपर्यंत ज्या कायद्याचा हात पोचतो, त्याला १९९२ च्या नोव्हेंबरातील लेकीच्या मुलाचे काय करावयाचे हे ठरवता येऊ नये, ही गोष्ट त्या हाताला शोभत नाही.

आमचे मागणे मोठे नाही. १९९२ ची दुरुस्ती मागील जन्मांनाही लागू करावी. आपल्या आईच्या नात्याने मागणाऱ्याला तारखेने अडवू नये. ज्या मुलाला अन्य कोणताही देश मिळत नाही, त्याच्या बाबतीत वर्षाची मुदत काढून टाकावी. तान्ह्या मुलाचा पासपोर्ट म्हणजे त्याने केलेली निवड असे मानू नये. निवड सज्ञान झाल्यावर करावयाची आहे, तर तोवर दोन्ही कागद राहू द्यावेत, आणि निवडीस सहा महिन्यांऐवजी पुरते दोन-तीन वर्षांचे अंतर द्यावे. यांतील एकही गोष्ट संविधानाच्या आशयाबाहेरची नाही. ‘कोणीही एक’ हे शब्द १९४९ सालीच लिहिले गेले होते. मधल्या त्रेचाळीस वर्षांत ते चौथ्या कलमात नव्हते, इतकेच.

आमची आजी निरक्षर होती. मुलकी नियम तिने वाचले नव्हते आणि संविधानही वाचले नाही. पण थोरल्या काकांना कोणी विचारले की तुझे गाव कोणते, तर ते जिंतूर म्हणत, आणि आजी लगेच पुस्ती जोडी, “आन्‌ आजोळ लोणार.” एका माणसाच्या पत्त्यात दोन गावे असतात, ही तिची समजूत होती. कायद्याने ती मान्य करावी, एवढ्यासाठी हे परीक्षण.